अपघातात जखमी झालात? कोकणात नुकसानभरपाई मिळवायची वाट, पहिल्या दिवसापासून

कोकणात अपघात झाला की जखमीच्या घरी विमा कंपनीच्या आधी मध्यस्थ पोचतो. बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो. "आपलोच माणूस आसा, कशाक कोर्टकचेरी? दवाखान्याचा बिल तो देता, मिटवन टाका." ठोकणारा पलीकडच्या वाडीतला, गणपतीत त्याच्याच घरी आरतीला जायचं असतं. मग वीस-पंचवीस हजार घेऊन कागदावर सही होते. पुढे पायातला रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन निघतं, आंब्याचा एक हंगाम हातचा जातो, आणि तोपर्यंत विचारायला कोणी उरलेलं नसतं.

हा लेख लिहायचं कारण हेच. भरपाई मागणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरावर जप्ती आणणं, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हा विमा गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठीच असतो. गाडीचा विमा चालू असेल, चालकाकडे योग्य लायसन्स असेल, तर भरपाई विमा कंपनी देते. ठोकणाऱ्याने त्याचा हप्ता आधीच भरलेला असतो. संबंध राखायचे असतील तर त्याला हे समजावून सांगा आणि त्याच्याकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या.

पहिले काही तास

आधी जीव. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, त्याला संरक्षण देणारं कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे. त्यामुळे हात लावायला घाबरू नका. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस उपचार योजनेत, नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार बिनपैशात मिळू शकतो. रुग्णालयाच्या काउंटरवर हे नाव घेऊन विचारा, कारण आपण विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी तिथेच करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. जखमीला पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नेतात, तिथे डॉक्टर विचारतात, "काय झालं?" बरोबरचा माणूस गडबडीत, कधी पोलिसांचं लचांड नको म्हणून, सांगतो, "गाडीवरून पडला." केसपेपरवर "सेल्फ फॉल" लिहिलं जातं. दीड-दोन वर्षांनी न्यायाधिकरणात, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो आणि म्हणतो, दुसऱ्या गाडीचा संबंधच नव्हता, हा स्वतः घसरून पडला. तेव्हा काय झालं ते नेमकं सांगा: समोरून येणाऱ्या डंपरने धडक दिली, मागून कारने उडवलं. जमलं तर गाडीचा नंबर त्याच नोंदीत घालायला लावा. मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंद झाली आहे ना, तेही विचारून घ्या.

सिंधुदुर्गातल्या लोकांसाठी यात आणखी एक पेच आहे. गंभीर जखमीला इथून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेतात, रत्नागिरी जिल्ह्यातून बऱ्याचदा कोल्हापूरला. अपघात एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, उपचार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात. तिथल्या पोलिसांनी जखमीचा जबाब घेतला तर तो मूळ ठाण्यात पोचला का, याचा पाठपुरावा घरच्या एका माणसाने करायलाच हवा. कागद वाटेत अडकून पडला की तपास तिथेच थांबतो.

जागेवर असलेल्या कोणाच्याही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा: दोन्ही गाड्या हलवण्याआधीची स्थिती, नंबरप्लेट, ब्रेकचे व्रण, रस्त्याचं वळण, जवळची खूण. पावसाळ्यात भोस्ते घाटात किंवा आंबोलीत तासाभरात रस्ता धुऊन निघतो, दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला दाखवायला काही राहत नाही. पेट्रोल पंप, हॉटेल, ग्रामपंचायत यांचे कॅमेरे असतील तर फुटेज लगेच मागा, कारण बहुतेक ठिकाणी काही दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं.

पोलीस ठाणं

फिर्याद जखमीनेच द्यावी असं नाही. नातेवाईक किंवा पाहणारा कोणीही देऊ शकतो. उशीर झाला म्हणून दावा आपोआप पडत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीत लिहा: रुग्ण बेशुद्ध होता, सगळे बांबोळीला होते, जे खरं असेल ते. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतच नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा; त्यानेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

चालक बदलू देऊ नका. गाडी भाच्याने चालवली, लायसन्स मामाकडे, म्हणून फिर्यादीत मामाचं नाव घालायचा आग्रह होतो. तुम्हाला ती मदत वाटते, पण साक्षीत एक प्रश्न चुकला की अख्खा दावा खोटा ठरायची वेळ येते. चालकाकडे लायसन्स नसेल तरी जखमीची भरपाई सहसा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरण सिंह प्रकरणात घालून दिलेल्या मार्गाने कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगता येतं.

१ एप्रिल २०२२ पासून तपासी अंमलदारावर ठरावीक मुदतीची कामं आली आहेत. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत, तोही थेट न्यायाधिकरण आणि विमा कंपनीकडे. हा अहवालच दावा म्हणून धरला जाऊ शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी करा असं सगळ्या राज्यांना बजावलं. तरी माझं स्पष्ट मत आहे की केवळ पोलिसांच्या अहवालावर विसंबून घरी बसू नये. त्यांच्याकडून जखमीने भरायचा फॉर्म मागा, तो पूर्ण भरून द्या, आणि आपला स्वतंत्र दावाही तयार ठेवा.

ठाण्यातून हे कागद गोळा करायचे: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, साक्षीदारांचे जबाब, आरटीओ निरीक्षकाचा गाडी तपासणी अहवाल, जखमेचं प्रमाणपत्र, चालकाचं लायसन्स, गाडीचं आरसी आणि पॉलिसी, शेवटी दोषारोपपत्र. पॉलिसी कोणी देत नसेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा आहे ते पाहता येतं. विमाच नसेल तर मालक स्वतः जबाबदार. अशी गाडी पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडू नये असा नियम आहे, म्हणून गाडी सुटण्याआधीच वकिलामार्फत कोर्टात हरकत नोंदवा.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात "असं घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढं पटलं तरी पुरतं. चालक निर्दोष सुटला म्हणून तुमचा दावा संपला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कोणता दावा, कुठे, किती दिवसांत

मुख्य दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. लोक त्याला नुसतं "क्लेम" म्हणतात. इथे समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही.

कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नसते. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, अशा रकमा ठरलेल्या आहेत. हाड मोडणं किंवा निखळणं हे गंभीर दुखापतीत येतं. पण कलम १६४ ची रक्कम कंपनीच्या तडजोडीतून स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. किरकोळ फ्रॅक्चर पूर्ण बरं झालं असेल आणि चूक कोणाची हे धूसर असेल, तर अडीच लाख घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं. कायमचं अपंगत्व राहणार असेल तर ही रक्कम घ्यायची घाई करू नका.

ठोकर देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. हा अर्ज कोर्टात जात नाही; प्रांत किंवा तहसील कार्यालयातून चौकशी होऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे मंजुरीला जातो. गाडी नंतर सापडली तर नेहमीचा दावा करता येतो, फक्त आधी मिळालेली रक्कम परत करावी लागते.

मुदत: अपघातापासून सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही अट पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहायचं कारण नाही. "आधी पाय बरा होऊ दे, अपंगत्वाचा दाखला मिळू दे, मग बघू" म्हणत लोक थांबतात आणि मुदत उलटते. दावा आधी दाखल करा, दाखला मागाहून जोडता येतो.

दावा कुठे करायचा हे जखमीच्या हातात आहे: अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे. होळीला गावी येताना महाडजवळ अपघात झालेला डोंबिवलीचा चाकरमानी ठाणे शहरात दावा लावू शकतो. गोव्यात पेडण्याला अपघात झालेला सावंतवाडीचा माणूस आपल्या जिल्ह्यात ओरोसला लावू शकतो. साक्षीदार डॉक्टर कुठे आहेत आणि तारखेला तुम्ही कुठे सहज पोचाल, ते पाहून ठरवा.

प्रतिवादी कोण? गाडीमालक, विमा कंपनी आणि चालक. एसटीच्या बसने ठोकलं तर एसटी महामंडळ. रिक्षात बसला होता आणि रिक्षा-डंपरची टक्कर झाली, तर प्रवाशाची काहीच चूक नसते. तो दोघांकडून किंवा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. नेमकी कोणाची चूक किती, हा त्या दोघांमधला हिशेब. मात्र दोन गोष्टी लक्षात असू द्या. मोटारसायकलवर मागे बसलेल्याला त्याच मोटारसायकलच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीतून सहसा मिळत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीपेक्षा जास्त संरक्षण देणारी, लागते. आणि स्वतःच्या चुकीने पडलेल्या मालक-चालकासाठी १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो; त्यात मृत्यू आणि हात, पाय, डोळा गमावण्यासारखं मोठं अपंगत्व धरतात, साधं फ्रॅक्चर नाही.

खड्ड्यात पडून जखमी झालात, दुसरी गाडीच नव्हती, तर वाट वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करा. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशीचा हवा. चतुर्थीच्या तोंडावर खड्डे भरले की पुरावाही बुजतो.

उत्पन्न दाखवणं: आपल्याकडची खरी अडचण

भरपाईचा सगळ्यात मोठा भाग बुडालेल्या कमाईचा असतो, आणि कोकणात पगाराची स्लिप असलेले थोडेच. "शेती करतो" एवढं लिहून दिलं की न्यायाधिकरण मजुरीच्या आसपासचा आकडा धरून मोकळं होतं.

आंबा बागायतदाराने आधी सातबारा काढावा आणि त्यावर कलमांची नोंद आहे का पाहावं. मग वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, मागच्या तीन हंगामांच्या तरी. त्या हरवल्या असतील तर दलालाच्या खातेवहीचा उतारा मिळतो. कॅनिंगला दिलेल्या मालाच्या पावत्या, खत-औषधांची बिलं, सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं पासबुक. कंपनीचा वकील म्हणणार, बाग तर जागेवर आहे, उत्पन्न कुठे बुडालं? त्यावर उत्तर तयार हवं: फवारणी, राखण, काढणी आधी स्वतः करत होता, आता गडी लावावे लागतात. त्या मजुरीच्या सह्या घेतलेल्या नोंदी ठेवा आणि एका गड्याला साक्षीला आणा.

बोटीवरच्या खलाशाला वाटा मिळतो, पगार नाही. तांडेल (बोटीवरचा प्रमुख) किंवा बोटमालकाचं लेखी पत्र, मच्छीमार सोसायटीचा दाखला, बँकेत जमा झालेल्या रकमा हे पुरावे. पत्र देणाऱ्याने साक्षीला यायला हवं, हे आधीच बोलून ठेवा. रिक्षावाल्याचं परमिट आणि कर्जाचे हप्ते, होमस्टे चालवणाऱ्या बाईचं बुकिंग आणि यूपीआयच्या नोंदी. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाचीही किंमत धरली जाते. "कमावत नाही" असं लिहून देऊ नका.

अपंगत्वाचा आकडा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. देवगडकडचा ३४ वर्षांचा माणूस, झाडावर चढून आंबे काढतो, महिन्याची सरासरी कमाई १५ हजार. अपघातात मांडीचं हाड मोडलं, पाय थोडा आखूड झाला, गुडघा पूर्ण वाकत नाही.

स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचे आकडे, दिले आहेत. ३१ ते ३५ साठी १६. गुणाकार ४० लाख ३२ हजार. आता याचे किती टक्के? दाखल्यात संपूर्ण शरीराचं अपंगत्व १२ टक्के लिहिलं असेल आणि तेवढंच धरलं, तर ४ लाख ८३ हजार ८४०. पण हा माणूस पुन्हा झाडावर चढू शकत नाही. त्याच्या कमाईवरचा परिणाम ३० टक्के धरला गेला, तर १२ लाख ९ हजार ६००. जखम तीच, फरक सव्वासात लाखांचा.

हा फरक धरायचा आधार २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात आहे. वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली हे वेगळं मोजा, आधी माणूस कोणतं काम करत होता ते पाहा, असं त्यात सांगितलं आहे. म्हणून डॉक्टरांच्या साक्षीत "तो झाडावर चढू शकेल का, उकिडवा बसू शकेल का, ओझं उचलू शकेल का" हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. आपल्या वकिलांना आधी आठवण करा. दाखला शक्यतो ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांकडून किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येतील याची खात्री करा. कधी न पाहिलेल्या डॉक्टरचा पैसे देऊन आणलेला मोठ्या टक्क्यांचा दाखला न्यायाधीश लगेच ओळखतात.

याशिवाय मागायचं: औषधोपचार, पुढच्या ऑपरेशनचा अंदाजित खर्च, फिजिओथेरपी, गाडीभाडं, पौष्टिक आहार, देखभालीला थांबलेल्या माणसाची मजुरी, बिछान्यावर गेलेल्या महिन्यांची कमाई, वेदना, आणि आयुष्यातलं जे गमावलं त्याचं मोल. कणकवली-कोल्हापूर फेऱ्यांच्या प्रत्येक वेळची पावती घ्या, तारीख आणि सहीसकट. मेडिक्लेममधून बिल मिळालं असलं तरी ते भरपाईतून वजा करायचं नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल आहे. पण मेडिक्लेम कंपनी मूळ बिलं ठेवून घेते, त्याआधी सगळ्याच्या साक्षांकित प्रती काढा. दाव्यात मागितलेल्या आकड्यापेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं.

वकील आणि लोकअदालत

रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणाऱ्या एजंटाला दूर ठेवा. "मिळालेल्या रकमेतले इतके टक्के" असा करार वकिलांना त्यांच्या नियमांनुसार करता येत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका, पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्या ताब्यात देऊ नका. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, आणि ज्याच्या डोक्यावर दवाखान्याचं कर्ज आहे त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. जाण्याआधी वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडा, किमान किती घ्यायचं ते ठरवा आणि कंपनीचा पहिला आकडा ऐकून लगेच मान डोलावू नका.

निकाल लागल्यावर रक्कम व्याजासह मिळते, सहसा दावा दाखल झालेल्या तारखेपासून. मोठ्या रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होऊ शकतो; ऑपरेशनसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी लागले तर कारण दाखवून अर्ज करा, ठेव मोडायची परवानगी मिळू शकते. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, वादातली रक्कम किमान एक लाख हवी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईला न जाता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच. कंपनीने अपील केलं आणि स्थगितीसाठी रक्कम कोर्टात भरली, तर त्यातला काही भाग अपील चालू असतानाच काढून घेण्यासाठी अर्ज करता येतो.